बिनमाईकची गल्ली

घर बघायला गेलो की मी घरमालकाला पहिला प्रश्न विचारायचो, “इथं जवळपास भजन होतं का? होत असेल तर माईकवर की बिनमाईकचं?”

घरमालकांना वाटायचं, म्हातारा आवाजाला कंटाळलेला आहे. मग ते मोठ्या उत्साहाने सांगायचे, “छे छे काका, इथं भजन-बिजन काही नाही. एकदम शांत एरिया.” ते ऐकलं की मी चप्पल घालून सायकलकडे वळायचो. मागून ते काहीतरी बोलत असणार. ते मला ऐकू यायचं नाही.

माझ्या कानांच्या नसा सुकत चालल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, यावर औषध नाही, मशीन लावा. “किती दिवस ऐकू येईल?” असं मी विचारलं तर ते कागदावरच्या रेघेकडे बघत म्हणाले, सांगता येत नाही. मी आयुष्यभर धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलं आणि दर गुरुवारी मारुतीच्या देवळात पखवाज वाजवला. लग्न केलं नाही. माझी मोठी बहीण, जिला मी अक्का म्हणतो, ती सगळ्या नातेवाइकांना सांगते की याने संसार मांडला तो त्या लाकडाच्या खोडाशी. तिचं खरंच आहे. तेव्हा कान गेले म्हणजे माझं नेमकं काय जाणार होतं, ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं.

धुळ्याची आमची बैठक पाच जणांची. पेटीवाले वारले. टाळ धरणारे एक जण मुलाकडे नाशिकला गेले. उरलो तिघे. मग कुणा भल्या माणसाने देवळाला साउंड सिस्टीम भेट दिली, आणि तिथे माझं सगळं संपलं. कानात मशीन आणि समोर स्पीकर, म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. शब्द नाही, सूर नाही, नुसती खरखर. मी दोनदा सांगून पाहिलं की बंद करा हो ते. तर उरलेल्या दोघांतला एक म्हणाला, “माईकशिवाय आजकाल ऐकतं कोण?” मला ऐकायचं होतं. पण ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी पखवाज खोळीत घालून घरी घेऊन आलो.

रस्त्यावरही तेच. मी जन्मभर सायकलवाला. मोटारसायकल कधी शिकलो नाही आणि आता कुणी शिकवणार नाही. पण मागचा हॉर्न ऐकू येत नसेल तर सायकल म्हणजे जिवाशी खेळ. पांझरेच्या पुलावर एका रिक्षावाल्याने गाडी आडवी घातली आणि ओरडला, “बहिरा आहेस का?” मी म्हटलं, “हो.” त्याचा चेहरा पडला. बिचारा नंतर मला हात देऊन पलीकडे सोडून गेला.

तेव्हा मला जागा हवी होती ती अशी: पेन्शनच्या माणसाला झेपेल एवढं भाडं, ट्रक नसलेला रस्ता, आणि पाच-सहा माणसं माईक न लावता वाजवत बसतात असा एखादा ओटा. दोन हातांवर बसलं तर अजून मला पखवाजाचा ‘धा’ स्वच्छ ऐकू येत होता. तो आहे तोवर ऐकून घ्यावा, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीची मला घाई नव्हती.

अक्का जळगावला मुलाकडे असते. तिने फोन केला, म्हणजे भाच्याने फोन धरला आणि ती मागून ओरडली, “इकडे ये, मनाजोगं घर भेटी जाई.” एका ओळखीच्या माणसाचा केळीचा टेम्पो रिकामा परत जात होता. त्यात सायकल टाकून मी चैत्रात जळगावला आलो. अक्काच्या दोन खोल्यांत मी पाचवा माणूस. तिची सून चांगली आहे, म्हणून तर तिथे फार दिवस राहायचं नव्हतं.

रोज सकाळी आणि ऊन उतरल्यावर मी सायकल काढायचो. एक खोली डाळमिलच्या मागे मिळत होती, स्वस्त होती, रस्ता सरळ होता. पण मिलची घरघर मशीनमधून डोक्यात शिरली ती रात्री मशीन काढल्यावरही जाईना. दुसरी खोली हायवेच्या पलीकडे. झकास हवेशीर. पण हायवे ओलांडायला मी अर्धा तास उभा राहिलो आणि शेवटी अलीकडूनच घराला नमस्कार करून परत आलो. एसटीने धरणगावलाही जाऊन आलो. तिथे रस्ते मोकळे, दोन्हीकडे नांगरलेली काळी रानं, भाडं निम्मं. देवळात चार म्हातारे बसलेले दिसले, टाळ हातात. मला भरून आलं. जवळ गेलो तर मध्ये मोबाईल उभा करून ठेवलेला. पेटीचा भाता फाटला होता, वाजवणारा सुरतला गेला होता, म्हणून मोबाईलवर भजन लावायचं आणि आपण टाळ धरायचे. त्यातले एक नाना मला म्हणाले, “बसा ना भाऊ. एक बरं शे, सूर चुकत नही.” मी थोडा वेळ बसलो आणि निघालो.

घरी आल्यावर अक्काने ताट वाढलं आणि विचारलं, “घर पाहाले जास का गाणं आयकाले जास?”

“दोन्ही.”

“दोन्ही एक जागे भेटी नही. देवनी बी एक हातमा एकच देल शे.”

आणि मग पिंप्राळ्याकडची ती गल्ली सापडली.

गल्ली अशी की चारचाकी शिरणार नाही. दोन्ही बाजूंना जुनी घरं, पुढे नवे पत्रे. एका मावशींची मागची खोली रिकामी होती. मी सायकल हातात धरून नंबर शोधत चाललो होतो आणि मला पखवाज ऐकू आला. मी थांबलो. आधी वाटलं, आपल्याच डोक्यात वाजतोय. हल्ली तसंही होतं. मग पुढच्या ओट्यावर बघितलं तर सात-आठ जण बसलेले, मध्ये पेटी, दोन टाळ, एक पखवाज. माईक नाही. कुठेही वायर नाही. मी ओट्याच्या कडेला टेकलो आणि मला सगळं ऐकू आलं. शब्द ऐकू आले. पेटीवाल्याचा श्वास ऐकू आला. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, ताजी कणीक लावलेली होती आणि तिचा तो भरलेला घुमारा माझ्या छातीत येऊन बसला. मी रडलो, हे सांगायला आता लाज नाही.

कुणी मला उठवलं नाही, कुणी काही विचारलं नाही. एकाने नुसती सरकून जागा दिली. चहा आला तो समोरच्या घरातून. दुसऱ्या खेपेला तिसऱ्याच घरातून. मी मनात म्हटलं, काय गल्ली आहे ही! बैठक एकाच्या ओट्यावर, आणि चहा अख्ख्या गल्लीचा. घराच्या दाराशी एक चाळिशीचा माणूस बसला होता, डोकं तुळतुळीत केलेलं. तो गात नव्हता, टाळ धरत नव्हता, नुसता ऐकत होता. जळगावचं ऊन, माणसं डोकी करणारच. भजन संपल्यावर मंडळी उठली ती न बोलता. “येतो” नाही, “या” नाही, काही नाही. मला तेही आवडलं. धुळ्यात आमची मंडळी भजनानंतर अर्धा तास राजकारण करायची.

निघताना मी त्या डोकं केलेल्या माणसापाशी गेलो. त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणालो, “फार छान चाललंय तुमचं. असंच चालू राहू द्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली.

पलीकडे जाऊन मावशींची खोली बघितली. बघितली म्हणजे काय, त्यांनी दार उघडलं आणि मी ‘घेतो’ म्हटलं. फक्त विचारलं, “हे रोज असतं?”

“हो ना भाऊ, रोज सहाला बसतात,” मावशी म्हणाल्या.

गरजवंताला अक्कल नसते. मी खानदेशात जन्मलो. माझ्या आईचं, वडिलांचं, मोठ्या भावाचं सगळं मी या हाताने केलं. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, चहा शेजारून येतो, तिथून उठताना “येतो” म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं. डोळे तर माझे अजून चांगले आहेत.

अक्काने हट्ट धरला की अमावस्या टळल्यावरच सामान हलवायचं. मी चिडचिड केली, पण तिचं ऐकलं. एक ट्रंक, एक गादी, सायकल आणि पखवाज घेऊन गल्लीत आलो तेव्हा दहा-बारा दिवस उलटले होते. खोली झाडली, पखवाज धुतलेल्या चादरीवर ठेवला, कणीक भिजवून वाटीत झाकून ठेवली. सहा वाजले. ओट्यावर कुणी नाही. साडेसहाला एक मांजर येऊन बसलं. मी म्हटलं, आज काही अडचण असेल. दुसऱ्या दिवशीही कणीक भिजवली. तिसऱ्या दिवशी कणकेची पोळी करून खाल्ली आणि मावशींना विचारलं, “भजन बंद का हो?”

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मशीन नीट करायला हात नेला.

“तेराव्याची गंधमुक्ती झाली ना भाऊ सोमवारी. आता कशाचं भजन?”

मी पलंगावर बसलो. मावशी सांगत होत्या आणि मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. त्या घरातले आबा गेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे पखवाजवाले. गल्लीचं भजनी मंडळ कधीच मोडलं होतं. देवळात आता माईकवर असतं आणि आबा तिथे पाय ठेवायचे नाहीत. म्हणायचे, मी गेल्यावर तरी माझ्या दारात माईक लावू नका. म्हणून त्यांचे जुने साथीदार आपापल्या गावांहून रोज संध्याकाळी येऊन बसले, तेराव्यापर्यंत. मी बसलो तो पाचवा दिवस होता. “तुम्ही रडत होते ओट्यावर,” मावशी म्हणाल्या, “आम्हाला वाटलं तुम्ही आबांचे दोस्त. द्वारदर्शनाला, घरच्यांना भेटायला आलेले. खोलीचं बोलले तेव्हा मी म्हटलं, दोस्ताच्या आठवणीने गल्लीत राहायला येतोय माणूस.”

आणि मी दोस्त काय बोलून आलो होतो? बाप गेलेल्या मुलाचे हात धरून, छान चाललंय, असंच चालू राहू द्या!

अक्काला सांगितलं तेव्हा ती आधी पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता थांबली. “त्या घरनी बाईनी आयकं का रे?” तिने विचारलं. मला ते सुचलंच नव्हतं.

खोली सोडावी असं वाटलं. पण मी म्हातारा माणूस, पुन्हा कुठे फिरू? रस्ता चांगला होता, भाडं झेपत होतं. तीनपैकी दोन गोष्टी मिळाल्या होत्या, लोकांना तेवढ्याही मिळत नाहीत. असं मी स्वतःला आठवडाभर सांगितलं. त्या घरावरून जाताना सायकलवर मान खाली घालायचो. शेवटी एका संध्याकाळी सायकल लावली आणि ओट्यावर चढलो.

मुलगा दारात आला. डोक्यावर केस फुटायला लागले होते. मी म्हटलं, “मला माहीत नव्हतं. मी घर शोधत होतो. मला वाटलं, तुमच्याकडे नेहमीच असतं.” पुढे कानाचं सांगितलं. सगळं सांगितलं. माझा आवाज फार मोठा होत असावा, कारण समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन उभी राहिली.

तो म्हणाला, “जाऊ द्या काका. मला तर वाटलं बाबांचे कोणी दोस्त असतील, त्यांचं तसंच असायचं बोलणं.” मग हळू काहीतरी म्हणाला. मी मशीन वाढवलं, तेव्हा कळलं: “आई दाराआडच होती. तिने ऐकलं ते.”

“काय म्हणाल्या?”

“काहीच नाही.”

मी आत गेलो. त्याच्या आई माजघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या, गहू निवडत. मी हात जोडले. त्यांनी ताटातून मान वर केली, पुन्हा खाली घातली. भिंतीला खुंटीवर आबांचा पखवाज लटकत होता, त्यांच्याच धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. मुलाला वाजवता येत नव्हतं. काही बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “तुम्ही वाजवाल?” आणि माझ्या हो-नाहीआधीच तो खाली काढला.

वाद्य तेरा दिवस वाजून मग तसंच राहिलेलं, उतरलेलं असणारच. मी कणीक मागितली. मुलाने आतून आणून दिली. डाव्या बाजूला लावली, उजव्या तोंडावर टिचकी मारून बघितलं, हातोडीने वादीत अडकवलेले लाकडी गट्टे ठोकले, पुन्हा टिचकी. आयुष्यभर केलेलं काम. दोन-तीनदा फिरून आलो आणि मला सूर लागल्यासारखा वाटला. पक्का. मी मांडी नीट केली आणि वाजवायला घेतलं. चार आवर्तनं झाली असतील.

त्या उठल्या. गव्हाचं ताट बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. माझ्या हातातली हातोडी घेतली.

“अजून उतरेल शे,” त्या म्हणाल्या. जवळ होत्या म्हणून ऐकू आलं.

त्यांनी एक गट्टा ठोकला. बोटाने पखवाजाचं तोंड दाबून मला खूण केली, वाजव. मी टिचकी मारली. त्यांनी मान हलवली, नाही. पलीकडचा गट्टा ठोकला. पुन्हा नाही. पाच-सहा वेळा असं झालं. त्या बाईने जन्मात कधी पखवाज वाजवला नव्हता, मुलगा नंतर म्हणाला, हातही लावला नव्हता. नुसता चुलीपाशी बसून ऐकला होता. शेवटी त्यांची मान होकारार्थी हलली. “आते बरं शे.”

मी वाजवलं. मला आधीच्यात आणि आताच्यात काहीही फरक कळला नाही.

डॉक्टरांच्या कागदावरची रेघ मला त्या दिवशी समजली. ‘आहे तोवर ऐकून घ्यावा’ म्हणून मी गल्ल्या धुंडाळत होतो, आणि तो कधी गेला ते मला कळलंही नव्हतं. ओट्यावर ऐकलेला तो घुमारा, ज्यासाठी मी घर घेतलं, तो तरी सुरात होता का? असेल. वाजवणारे आबांचे साथीदार होते.

तेव्हापासून गुरुवारी सहाला मी तिकडे जातो. कुणी या म्हटलं नव्हतं, कुणी नको म्हटलं नाही. पेटी नाही, टाळ नाही, गाणारं कुणी नाही. मी शोधत होतो ती ही बैठक नव्हे, हे मी कुणाहीसमोर कबूल करीन. त्या उंबऱ्यावर बसतात, काहीतरी निवडत. मी गट्टे ठोकतो आणि त्यांच्या हाताकडे बघतो. हात वर गेला की चढवायचं, खाली गेला की उतरवायचं. हात थांबला की मी सुरू करतो. त्या बोलत नाहीत. माझ्या त्या वाक्याबद्दलही कधी बोलल्या नाहीत. मुलगा कामावरून आला तर थोडा वेळ दारात टेकतो.

पावसाळ्यात डावा कान पूर्ण गेला. मशीन आता नुसतं अडकवायचं म्हणून अडकवतो. सायकल गल्लीच्या तोंडापर्यंतच नेतो, पुढे चालत.

परवाच्या गुरुवारी मी वाजवत होतो आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की मला काही ऐकू येत नाहीये. घुमारा नाही, ठोका नाही. चामड्याला हात लागतो आहे एवढंच. मशीन काढलं, फुंकलं, घातलं. तेच. मी थांबलो. हात मांडीवर ठेवले. उघडंच होतं की आता इथे येण्याला काही अर्थ नव्हता, आणि हे त्यांना कसं सांगावं ते सुचेना.

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले.

मी दारात टेकलेल्या मुलाकडे बघितलं. तो माझ्या कानाशी येऊन ओरडला, तेव्हा उजव्या कानात कुठेतरी लांबून आलं. “आई म्हणते, चालू राहू द्या!”

मी वाजवायला लागलो. माझंच वाक्य त्यांनी मला परत दिलं होतं. टोमणा होता, की माफी होती, की नुसतंच बरं वाटत होतं म्हणून म्हणाल्या, ते मला कळलं नाही. आवाजावरून कळलं असतं.